लोह्याजवळच्या धरणात बुडी

लातूर सोडलं तेव्हा ऊन कोवळं होतं, तरी रस्त्यावर पाण्याच्या टँकरांची वर्दळ सुरू झालेली. डाळमिलच्या पिकअपमध्ये पुढे आम्ही तिघं: मिलचे मालक मन्मथअप्पा, त्यांच्या पत्नी गंगावहिनी आणि मी. मागे हवेच्या टाक्या. अप्पा आणि मी मालवणला एकाच तुकडीत स्कूबा (पाठीवर टाकी बांधून मारायची बुडी) शिकलो. तेव्हापासून अप्पांना एकच ध्यास, आपल्या मुलखातल्या पाण्यात उतरायचं. लोह्याजवळच्या धरणाचं पाणी रोज मागे हटत होतं. परवानगी आजची होती. आज हुकलं तर पुढे नुसता चिखल. म्हणून मी ठाण्याहून धावत आले होते.

चाकूरला चहाला थांबलो. बाकावर दोघांची, नवा जिल्हा व्हावा की नको यावरून हमरीतुमरी चालली होती. टाक्या दिसल्या तशी ती थांबली.

"ग्यास हाय का?" चहावाल्याने विचारलं.

"न्हाई, हवा हाय," अप्पा म्हणाले.

"आता हवा बी इकत? पानी तर इकतच घ्यायलोत."

"नवा जिल्हा झाला की नळाला येईल की हवा," भांडणाऱ्यांपैकी एक म्हणाला, आणि दुसराही हसला. चहा गोडमिट्ट होता. मी आणखी अर्धा घेतला.

धरणावर पोचलो. भेगाळलेल्या काठावरून पाण्यापर्यंत टाक्या नेताना माझी दमछाक झाली. पाणीही चहाच्याच रंगाचं, हात बुडवला तर बोटं दिसेनात. साहित्य चढवताना अप्पांनी मला हटकलं. एकाची हवा संपली तर जोडीदाराला द्यायची म्हणून प्रत्येकाजवळ तोंडात धरायची एक जादा नळी असते, पिवळी. ती छातीवर मधोमध लावायची, असा आम्हाला शिकवलेला नेम. माझी डाव्या खिशात होती.

"मी डावखुरी आहे. मला तिथेच सोयीची," मी म्हणाले.

"तुमच्या सोयीचं काय करू ताई? माझ्या मिलमधी परत्येक पोतं एकाच बाजूनं शिवतेत."

हे ऐकवणाऱ्या अप्पांच्या छातीवर, पिवळ्या नळीला खेटून, शिवदाऱ्यात (लिंगायत गळ्यात घालतात त्या इष्टलिंगाच्या दोऱ्यात) चांदीची डबी लोंबत होती! मी बोट दाखवलं.

"ते काढायचं न्हाई," गंगावहिनी ताडकन म्हणाल्या. "त्यापरीस बुडीच नको."

आतून घाला म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, पट्ट्याखाली देव चेपतो. मग मी हट्टाला पेटले. गढूळ पाण्यात दिसणार नाहीच, म्हणून डोळ्यांना टॉवेल बांधला आणि अप्पांची नळी चाचपली. हातात आली डबी. ओढली, तसे अप्पा खोकले. मग त्यांनी टॉवेल बांधला. माझी नळी शोधत ते माझ्या छातीपुढे हवेत हात फिरवत राहिले. खिशापर्यंत काही पोचले नाहीत. दोघेही नापास. अप्पा मटकन दगडावर बसले. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

वहिनीच शेवटी उठल्या. "मामंजी दवाखान्यात व्हते तवा दंडाला बांधलं व्हतं. अंगापासून सुटलं न्हाई म्हंजी झालं." त्यांनी शिवदारा अप्पांच्या दंडाला पक्की गाठ मारून बांधला. मीही माझी नळी छातीवर आणली.

खाली तांबूस अंधार होता. एकमेकांचा हात धरून आम्ही तळाशी गेलो. तिथे धरणाखाली गेलेल्या एका जुन्या शेताचा दगडी बांध होता. अप्पा त्यावरून आईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत राहिले. हवेचा काटा बघायचं मात्र विसरले. अचानक त्यांचा हात माझ्या हातातून निसटला. मी वळेपर्यंत डबी बांधलेला तो दंड माझ्या चेहऱ्यासमोर आला, आणि दुसऱ्याच क्षणी माझी पिवळी नळी छातीवरून सुटून त्यांच्या तोंडात गेली. एकमेकांना घट्ट धरून आम्ही सावकाश वर आलो.

काठावर वहिनींनी आधी दंड चाचपला, मग नवऱ्याला विचारलं, "बरं हाव ना?" अप्पा हसत होते, रडतही होते. "ताई, खाली बांध हाय!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. इतकी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

ठाण्याला परतून साहित्य धुतलं. खिसा अजूनही माझ्या डाव्या हाताला सोयीचाच आहे, पण नळी छातीवरच ठेवली. इतकी वर्षं मी तिला माझी समजत होते. ती अप्पांची होती. मी नुसती अंगावर वागवत होते.