डोळेवालीची मुलाखत

बावीस वर्षं कापडी खेळण्यांना डोळे बसवल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. कारखान्यात तिला सगळे डोळेवालीच म्हणत. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या, चार शिलाई मशीनं, कापसाचं एक पोतं आणि मालक काका. डोळ्याची दांडी कापडातून आत घालायची, मागून चकती बसवायची आणि यंत्राने दाबायची. ‘कट्’ असा आवाज आला की डोळा बसला. पण काका आवाजावर विश्वास ठेवणारे नव्हते. अंगठा आणि दोन बोटांत डोळा धरायचा आणि पाच आकडे मोजेपर्यंत ओढायचा, ही त्यांची रीत. इतक्या वर्षांत तिच्या बोटांना याची इतकी सवय झाली होती की घरी कुणाच्या सदऱ्याचं बटण दिसलं, तरी ती आधी ओढून बघे. सासूबाई म्हणायच्या, “माझ्या डोळ्यांना हात लावू नकोस हं, ते आधीच हलताहेत.”

आता काका थकले होते. महिनाअखेरीला कारखान्याला कुलूप लागणार होतं. नवरा कंबरेच्या दुखण्याने वर्षभर घरीच होता. अशात गावाबाहेरच्या मोठ्या खेळणी कंपनीतून बोलावणं आलं. जागा तपासणी खात्यातली होती. तीन फेऱ्या फोनवर आणि परीक्षेच्या कागदावर पार पडल्या. चौथी प्रत्यक्ष.

“नीट बोल,” निघताना सासूबाईंनी बजावलं. “आणि खरं सगळं सांगत बसू नकोस. विचारतील तेवढंच.”

“आई, तुम्ही येता का माझ्याऐवजी?”

“आले असते. पण मला घेतलं तर तुमचा स्वयंपाक कोण करणार?”

फाटकावर पहारेकऱ्याने फोन काढून घेतला आणि एका कागदावर सही घेतली. आत जे दिसेल, ऐकू येईल, ते बाहेर बोलायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. गळ्यात अडकवायला एक कार्ड मिळालं. त्या कार्डाने एकही दार उघडत नाही, हे तिला पाणी प्यायला जाताना कळलं. दार उघडायला कंपनीचं माणूस लागे.

उमेदवार सहा होते. सगळ्यांना बालवर्गातल्यासारख्या इवल्याशा रंगीत खुर्च्यांवर बसवलं. टाय घातलेल्या एका तरुणाचे गुडघे कानांपर्यंत आले होते. दुसरी एक बालवाडीची शिक्षिका होती, ती मात्र आरामात बसली. कागदी ठोकळ्यांचे मनोरे रचून झाले. मग फोनवरच्या फेऱ्या घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, “तुम्ही खेळणं असता, तर कोणतं असता?”

“रॉकेट,” टायवाल्याने क्षणात सांगितलं. जणू घरून पाठ करून आला होता.

डोळेवालीची पाळी आली. “भोवरा,” ती म्हणाली. “फिरतोय तोवर उभा.”

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलं की वाईट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. या बाईंचं हसू फोनवर बोलताना ऐकू येई तसंच होतं, कमी नाही, जास्त नाही.

दुपारी प्रत्येकाला वेगळ्या खोलीत नेलं. डोळेवालीच्या खोलीच्या तीन भिंती काचेच्या होत्या. आपण सगळ्यांना दिसतो आणि आपल्याला कुणी बघत नाही, असा तो कारभार. दार मागे लागलं आणि त्यावरचा लहानसा हिरवा दिवा तांबडा झाला. टेबलावर कंपनीचं नवं अस्वल बसलेलं होतं. करडं, मऊ, पोट पुढे काढून.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोलायला कुणी नाही, फोन नाही. अस्वल तिच्याकडे बघत होतं. तिचा हात कधी उठला, ते तिलाही कळलं नाही. अंगठा आणि दोन बोटं. एक, दोन, तीन.

तिसऱ्या आकड्याला डोळा हातात आला.

तिने दाराकडे पाहिलं. दिवा तांबडाच. काचेपलीकडून एक माणूस कप घेऊन गेला. तिने अस्वल पाठमोरं केलं आणि घाईघाईने डोळा भोकात दाबला. तो बसला. छानच बसला. दुसऱ्या डोळ्याच्या शेजारी तो इतका शहाण्यासारखा दिसू लागला की कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मॅडम आल्या, तपासणी खात्याचे साहेब आले आणि त्यांच्यामागून एक चष्मेवाला तरुण. “हे अस्वल यांनीच घडवलंय,” मॅडम म्हणाल्या. चष्मेवाला लाजला.

प्रश्न सुरू झाले. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? कंपनीबद्दल काय आवडतं? ती उत्तरं देत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या डाव्या डोळ्यावर. विचारतील तेवढंच, सासूबाईंचे शब्द कानात होते. डोळ्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

“हे दुकानांत गेलंय?” शेवटी तिनेच विचारलं.

“सोमवारी जाईल,” चष्मेवाला आनंदाने म्हणाला. “दोन वर्षांच्या वरच्या मुलांसाठी.”

दोन वर्षांचं मूल सगळं तोंडात घालतं. तिने अस्वल पुढे ओढलं, डोळा काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा तीनमध्ये निघाला. मघाशी. मी परत लावून ठेवला होता, ते चुकलं माझं.”

मॅडमचं हसू पहिल्यांदाच जरा कमी झालं. “तुम्ही जोरात ओढलं असेल.”

“दुसरं आणा. तुमच्यासमोर ओढते.”

दुसरं आणलं. दोन्ही डोळे पाचापर्यंत टिकले. तिसरं आणलं, तेही टिकलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “झालं समाधान?”

हो म्हटलं की नोकरी, हे तिला स्पष्ट दिसत होतं. उठून जावं म्हटलं तरी दार त्यांच्याच कार्डाने उघडणार.

“एका पेटीत किती असतात?”

“चोवीस.”

“मग अजून एकवीस राहिली.”

“बाई, ही मुलाखत आहे,” साहेब म्हणाले.

पण चष्मेवाला उठून गेला होता. तो पेटीच घेऊन आला. ती एकेक अस्वल मांडीवर घेई, ओढी, मोजी, बाजूला ठेवी. अकराव्याचा उजवा डोळा चारला निघाला. एकोणिसाव्याचा डावा पाचला. ती थांबली, तेव्हा टेबलावर तीन डोळे होते आणि चष्मेवाला चष्मा काढून पुसत होता.

साहेब आणि मॅडम कोपऱ्यात हळू आवाजात बोलले. मग मॅडमनी एक छापील कागद पुढे केला. रिकाम्या जागेत त्यांनी एक ओळ लिहिली होती: उमेदवाराने नमुन्यांवर गरजेपेक्षा जास्त जोर लावला.

“फक्त नोंद म्हणून. नमुने खराब झाले की भरावाच लागतो,” मॅडम म्हणाल्या. “इथे सही करा. शुक्रवारी शेवटची फेरी. साहेबांना तुम्ही आवडलात.”

डोळेवालीने ओळ दोनदा वाचली. तिला नवऱ्याची कंबर आठवली, कारखान्याचं कुलूप आठवलं. तिने पेन हातात घेतलं. मग तिने ‘गरजेपेक्षा जास्त जोर लावला’ एवढं एका रेघेने खोडलं आणि वर बारीक, गोल अक्षरांत लिहिलं: अंगठा व दोन बोटांनी, पाच आकडे मोजेपर्यंत ओढले. चोवीस अस्वलांचे मिळून तीन डोळे निघाले. खाली सही केली.

मॅडमनी कागद घेतला, वाचला आणि साहेबांपुढे सरकवला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. कुणी ‘या’ म्हणालं नाही, ‘बसा’ही म्हणालं नाही. ती दारापाशी जाऊन उभी राहिली. हँडल फिरवून पाहिलं, फिरलं नाही. पाठीमागे कागदाची चाळवाचाळव ऐकू येत होती. काचेपलीकडे टायवाला बाहेर पडत होता, त्याने तिला अंगठा उंचावून दाखवला. तिनेही दाखवला.

शेवटी चष्मेवाल्याने येऊन दाराला कार्ड लावलं. तो फाटकापर्यंत तिच्यासोबत आला.

“एवढाच जोर का, नक्की?” त्याने विचारलं.

तिने त्याच्या बाहीचं बटण बोटांत धरलं आणि मनात मोजलं. “एवढाच.”

“मी सोमवारचं थांबवायला सांगतो. ऐकतील की नाही, माहीत नाही. आणि तुमचं...”

“राहू द्या,” ती म्हणाली.

पहारेकऱ्याने फोन परत दिला. सासूबाईंचे सात फोन येऊन गेले होते. रस्त्यावर येऊन तिने लावला.

“काय गं, लागली का?”

“नाही लागली, आई.”

“असं सांगितलं त्यांनी?”

“अजून नाही सांगितलं.”

“मग तुला कसं कळलं? आत झालं तरी काय?”

डोळेवालीने तोंड उघडलं. सकाळी सही केलेला कागद आठवला, तसं मिटलं. फाटकातून मालाचा एक ट्रक बाहेर पडला. त्याच्या अंगावर ते करडं अस्वल रंगवलेलं होतं, दोन्ही डोळे जागच्या जागी.

“अगं, बोल की,” पलीकडून सासूबाई म्हणत होत्या. “ऐकू येतंय ना तुला?”