मे महिन्याचे युनिट

बिले कशी भरावीत याविषयी माझी मते फार लवकर पक्की झाली. त्याला कारण होते. माझ्या बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर अकोल्यातल्या आमच्या घराची वीज तोडली गेली. बाबा जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. त्या वर्षांत कापूस इतका कमी येई की त्यांची बारमाही नोकरी हंगामापुरती उरली होती, आणि पगाराची तारीख कोणालाच सांगता येत नसे. बिलाची तारीख मात्र छापलेली असे. ती चुकली. आईने लाइनमनला पाणी दिले आणि विचारले, "भाऊ, सोमवारपर्यंत थांबता येत नाही काय?" त्याने पाणी प्यायले, तांब्या ओट्यावर नीट ठेवला आणि शिडी खांबाला लावली.

त्या संध्याकाळी शेजारच्या चाचीने मधल्या भिंतीवरून एक वायर आमच्या खोलीत सोडली. वायरच्या टोकाला बल्ब होता. चाचीचे कुटुंब गाद्या-रजया भरण्याचे काम करी. गावोगावची लग्ने पुढे ढकलली जात, तशा त्यांच्याकडच्या नव्या गाद्याही थांबत. त्यांची स्थिती आमच्याहून बरी होती असे म्हणता येणार नाही. "अंधारात काय शिकन ते पोर?" एवढेच ती आईला म्हणाली. आमची जोडणी परत येईपर्यंत मी त्या बल्बखाली भौतिकशास्त्र वाचले. वायर भिंतीवरच्या लोखंडी हुकाला बांधलेली होती आणि वारा आला की माझ्या वहीवरची सावली हलायची.

त्यामुळे पुढे अमरावतीला एम.एस्सी. करून संशोधनाची फेलोशिप मिळाली, बँकेत खाते स्थिरावले, तेव्हा मी पहिल्यांदा माझी सगळी देणी ऑटो डेबिटवर टाकली. माणूस विसरतो, यंत्रणा विसरत नाही. युक्तिवाद मला निर्दोष वाटत होता. अकोल्याचे वीजबिलही मी माझ्याकडे घेतले, आणि तिथे बाबा आडवे आले.

"म्हंजे बँक मले न विचारता पैसे देईन? आन् मीटरवाल्यानं आकडा चुकीचा लेहला त?"

"मंग पुढच्या महिन्यात दुरुस्त करतात, बाबा."

"पहिले चूक होऊ द्याची, मंग दुरुस्त कराची. हेच शिकवतात काय वो तुमच्या सायन्समधी?"

शेवटी तडजोड झाली. बिल आले की बाबा चष्मा लावून, टॉर्च घेऊन मीटरसमोर उभे राहत. आकडा पडताळून मला फोन करत आणि ठरलेले वाक्य बोलत, "मीटर बरोबर हाये. भरून टाक." मग मी नेट बँकिंग उघडायची, ग्राहक क्रमांक टाकायची, ओटीपीची वाट पाहायची. इंटरनेट वापरून केलेले हे हातकामच आहे, अशी माझी तक्रार असे. आज तो फोन आठवतो तेव्हा तक्रार आठवत नाही. आठवते ती त्या वाक्याच्या मागून येणारी बातमी: नळाला पाणी आले की नाही, चाचीच्या मुलीचे कुठे जमले, जिनिंगच्या आवारात आता शेळ्या चरतात.

एका मे महिन्यात बाबा बाजारातून येताना अंगणातच कोसळले. ऊन लागले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, पुन्हा असे झाले तर निभावणार नाही. साठवलेल्या फेलोशिपमधून मी त्याच आठवड्यात कूलर घेतला. माझ्या पैशांनी घरात आलेली ती पहिली मोठी वस्तू. पुढच्या बिलात युनिट एकदम चढले आणि मला मोठे समाधान झाले. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो. त्यात मे महिना उंच दिसत होता, म्हणजे बाबा सुरक्षित होते.

पुढच्या वर्षी मेचे बिल भरायला बसले, तर तो महिना मार्चपेक्षाही बुटका होता. ऑटो डेबिट असते तर मला फक्त रक्कम कळवणारा संदेश आला असता, आणि कमी रक्कम पाहून मी खूश झाले असते. मी लगेच फोन लावला. आईने उचलला.

"कूलर चालू हाये काय, आई?"

"चालते न वो! दिवसभर चालते. मस्त हवा येते."

"मंग युनिट काहून कमी झाले?"

"आता ते मले काय माईत? शिकेल तू हायेस."

माझा निष्कर्ष तयार होता. बिल मुलगी भरते म्हणून बाबा कूलर बंद ठेवून उकाड्यात बसतात. मी त्यांना फोनवर घेतले आणि बरेच सुनावले. माझ्या पैशांची काटकसर तब्येतीवर करू नका, असेही म्हटले. त्यांनी फोन आईकडे परत दिला. दोन दिवसांनी त्यांचा आपणहून फोन आला.

"ते तुयं आपोआपचं हाये न, ते करून टाक आता. कायले दर महिन्यात तुले तरास?"

इतकी वर्षे ज्या होकाराची मी वाट पाहिली तो मिळाला, आणि त्यामागचे कारण मला लगेच कळले. त्यांना मी बिल पाहायला नको होते. रविवारी सकाळी मी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणारी एसटी पकडली.

भर दुपारी पोहोचले. दाराला बाहेरून कडी होती. खिडकीपुढे कूलर नव्हता. होत्या त्या फक्त खालच्या विटा आणि भिंतीवर पाण्याचे डाग. मी घाबरून इकडेतिकडे पाहिले आणि मग मला तो आवाज ऐकू आला. भिंतीपलीकडे कूलर चालू होता.

चाचीच्या बाहेरच्या खोलीत, जिथे गाद्या भरतात तिथे, बाबा कापसाच्या गठ्ठ्याला टेकून पेपर वाचत होते. मधल्या दाराच्या पडद्यातून गार हवा येत होती. आत आई होती, चाची होती, आणि खाटेवर चाचीची मुलगी, शेजारी हातभर लांबीचे बाळ घेऊन. मेच्या सुरुवातीला बाळंतीण झाली होती. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत तिने उंबरा ओलांडायचा नव्हता. तिला आमच्याकडे आणता येत नव्हते, म्हणून कूलर तिच्याकडे गेला होता.

"आली काय सायबीण?" चाची म्हणाली. "कूलर न्यायले आली असशीन त घिऊन जा. पन मंग हे पोरगं तूच झोपवजो."

मी बाबांकडे पाहिले. ते पेपरची घडी घालत बसले.

"देला नाही कोनाले," ते म्हणाले. "खिडकी बदलली फक्त. लाइट त्यायची, हवा सगळ्यायची."

"मले सांगाले काय झालं होतं?"

"तुया पहिल्या कमाईचा होता. तुले वाईट वाटन म्हनून…"

वाईट वाटलेच होते. ते मी नाकारणार नाही. विचारले असते तर मी नाही म्हटले नसते, पण विचारले नव्हते. मी अंगणात आले. मधल्या भिंतीवर तो हुक अजून होता, गंजलेला. त्या वायरीने चाचीच्या मीटरवर किती युनिट चढले असतील, हा हिशेब मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता. चाचीने तेव्हा कोणाला फोन करून विचारले नव्हते. मी आत जाऊन बसले. चाचीने बाळ माझ्या मांडीवर ठेवले.

निघताना बाबांनी हळूच विचारले, "मंग, टाकतं काय आपोआपवर?"

"नाही."

"काहून? तुलेच त पाह्यजे होतं."

"तुमी फोन करत जा," मी म्हटले. "मी भरत जाईन."

पुढच्या उन्हाळ्यात कूलर आमच्या खिडकीत परतला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावून. बाळ रांगू लागले होते आणि त्याला उंबऱ्याची अडचण नव्हती. दुपार झाली की चाची, उन्हाळ्यासाठी माहेरी आलेली तिची मुलगी आणि बाळ असे तिघे आमच्याकडे येत आणि दिवे लागेपर्यंत राहत. जूनमध्ये बाबांचा फोन आला. मागून चाचीचे हसणे आणि भांडे आपटल्याचा आवाज येत होता.

"या बारीले आकडा मोठा दिसन तुले," बाबा म्हणाले. "घाबरू नको. मीटर बरोबर हाये. भरून टाक."