सुतळीनं बांधलेला पट्टा

पा लमदुआन परीक्षक म्हणून कुठल्याही सरकारी कचेरीत गेल्या की आधी उंबऱ्यापाशी थांबायच्या. साहेब फुलांचा हार घेऊन उभा, मागं कर्मचारी हात जोडून रांगेत, आणि या बाई मान खाली घालून दारातल्या चपला बघतायत. आमच्या ईशान मुलखातल्या खेड्यांत माणूस चपला बाहेर काढल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकत नाही. म्हणून पा म्हणायच्या, "कागद साहेब लिहितो. चपला लोक लिहितात."

पा म्हणजे मावशी. पण त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर उत्कृष्ट सेवा पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर आल्या. मंडळात त्यांचा असा धाक होता की विचारू नका. बांबूच्या डबीतला चिकट भात आणि भाजलेली सुकी मासळी घरून आणायच्या. जिथं गुण द्यायचे तिथलं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. एका अधिकाऱ्यानं फारच आग्रह करून नारळपाणी पुढं केलं, तर म्हणाल्या, "निकाल लागल्यावर दे. तेव्हाही द्यावंसं वाटलं तर."

गुण प्रत्येकानं वेगळं बसून, शाईनं लिहायचे. दोघांच्या गुणांत दहाहून जास्त फरक पडला तर दोघांनी कारण सांगायचं. दुसऱ्याचं पटलं तरच आपला आकडा बदलायचा, भिडेखातर नाही. आणि भेटीच्या दिवशी सकाळी एक फॉर्म भरायचा: या जागेचा निवाडा करताना माझ्या आड येईल असं काही आहे का? नातं, मैत्री, जुनं भांडण, काहीही. ते फॉर्म पा मोठ्यानं वाचून दाखवायच्या. तीन वर्षं मी त्यांच्यासोबत परीक्षक होतो, आणि तीन वर्षं त्या फॉर्मवर मी 'काही नाही' असं लिहीत होतो.

आता माझं सांगतो. सांगायला तोंड नाही, तरी सांगतो.

मी बान नोंगफायच्या आरोग्य केंद्राचा प्रमुख. खरं नाव विचियन, पण अंगानं भरलेला म्हणून सगळे तुई म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी आमचं केंद्र पुरस्काराच्या शेवटच्या दोनांत आलं. जिंकणाऱ्याला एक जास्तीची नर्स मिळणार होती. दुसरं केंद्र नदीपलीकडचं बान साखाम. तिथं ओरपिन नावाची नर्स एकटीच सगळं बघायची. जिल्ह्यातल्या एका मित्रानं मला फोनवर सांगून ठेवलं, "ती म्हातारी आधी चपला बघते, बरं का."

भेट आली नेमकी भातलावणीच्या दिवसांत. अख्खं गाव चिखलात. केंद्रात चिटपाखरू नाही. मी सरपंचाला धरलं. त्यानं गावच्या भोंग्यावरून पुकारलं की केंद्रात बसायला या, नूडल्स मिळतील. लोक आले, पण कसे आले! देवळाच्या जत्रेला यावेत तसे. इस्त्रीचे सदरे आणि पायात चकचकीत बूट. मी कपाळावर हात मारला. बायकोला घरोघरी पिटाळून शेतातल्या चाळीस जोड चपला मागवल्या, दारात मांडल्या, आणि चकचकीत बूट मागं पाण्याच्या रांजणांआड दडवले. आमच्याकडे असल्या दिखाऊ कामाला वरून कोथिंबीर भुरभुरणं म्हणतात. मी तर अख्खी जुडी ओतली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी कमी लाज वाटली असती. पण मला हुशारी सुचली. माझ्या सहा वर्षांच्या मुलीची चप्पल घेतली, धडधाकट पट्टा तोडला आणि तांदळाच्या पोत्याच्या सुतळीनं बांधला. मग ती चप्पल जरा तिरकी, सगळ्यात पुढं ठेवली.

पा त्या चपलेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा डोळे ओले होते.

दुसऱ्या दिवशी त्या साखामला गेल्या. ओरपिनच्या दारात तीन जोड. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

निकालानंतरच्या आठवड्यात केंद्राच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. आत लाल रंगाच्या लहान चपला आणि चिठ्ठी: 'सुतळीच्या पट्ट्यावाल्या पोरीला. माप अंदाजानं घेतलंय.' खाली नाव नव्हतं. असायची गरजही नव्हती. माझ्या मुलीकडे तीन जोड होते. हे तिच्या पायात घालावेत असं मला वाटेना, टाकवेनात, आणि दुसऱ्या कुणाला दिले तर लोक कुठून आणले विचारतील. मी ते औषधांच्या कपाटात, जुन्या खोक्यांमागं सारले.

जिंकलेल्या केंद्रांच्या प्रमुखांना पुढं परीक्षक नेमतात, तसा सहा वर्षांनी मी नेमला गेलो. पहिल्याच दिवशी पांनी पाठीवर थाप मारली. "हा तुई. याच्या दारात मी माणसं मोजायला शिकले." नव्या परीक्षकांच्या प्रत्येक शिबिरात त्या माझ्या केंद्राची गोष्ट सांगायच्या. "चाळीस जोड, सगळे चिखलाचे. आणि एक एवढीशी चप्पल, सुतळीनं बांधलेली. ज्या घरात पट्टा घ्यायची ऐपत नाही ते घर जिथं विश्वासानं पोर पाठवतं, तिथं कागद वाचायची गरज नाही." मी मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी गिरवायचो.

यंदा साखामनं पुन्हा अर्ज केला. आम्ही तिघं गाडीनं निघालो: पा, मी आणि थनात नावाचा खोनकेनचा तरुण प्राध्यापक. थनातनं फाईल उघडली.

"या बाईंनी स्वतःच लिहिलंय, दुपारी केंद्र रिकामं असतं."

"मागच्या वेळीही लिहिलं होतं," पा म्हणाल्या.

"का रिकामं असतं तेही लिहिलंय. लावणीच्या दिवसांत लोक येऊ शकत नाहीत म्हणून ही मोटरसायकलवर बांधाबांधानं फिरते. रोजची नोंद आहे. मागच्या वेळी हे पान नव्हतं का?"

पांनी फाईल स्वतःकडे ओढली. "असेल. मी दार बघून मत बनवलं होतं. तुईच्या दारात चाळीस, हिच्या दारात तीन." मग माझ्याकडे वळल्या. "काय रे तुई, घाम का येतोय? गाडीत तर गारवा आहे."

"काही नाही, पा. रस्ता खराब आहे."

"रस्ता तर नवा आहे की," थनात म्हणाला.

मुद्दाम सांगतो, मला त्या दिवशी धैर्य वगैरे आलं नव्हतं. लाल चपला मात्र सकाळी पिशवीत घातल्या होत्या. का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

साखामच्या देवळाच्या उघड्या मंडपात आम्ही घरून आणलेला सकाळचा भात खाल्ला आणि फॉर्म भरायला घेतले. मी 'काही' लिहिलं आणि 'नाही' लिहायला हात उचलेना. मग लिहीतच सुटलो. भोंगा, नूडल्स, रांजणाआडचे बूट, सुतळी. पान उलटून मागंही लिहिलं.

पांनी नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. मला वाटलं, मध्ये थांबतील. नियम म्हणजे नियम. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजूसुद्धा. थनात चटईकडे बघत होता. मला जमीन दुभंगून आत घ्यावं असं झालं होतं.

"सुतळी तू बांधलीस?"

"हो, पा."

"पट्टा तुटला होता ना पण?"

"मीच तोडला."

मी लाल चपला काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी एक हातात घेऊन उलटी केली. तळ कोरा होता.

मग त्यांनी स्वतःचा फॉर्म ओढला. त्यावरचं 'काही नाही' खोडलं आणि लिहिलं तेही वाचून दाखवलं: "मागच्या वेळी मी चपला मोजल्या, कागद वाचला नाही. या जागेचा निवाडा माझ्या हातून होऊ नये. इतर जागांचाही होऊ नये." दोन्ही फॉर्म थनातपुढं सरकवले. "आजची भेट रद्द. तू राहा, दुसरे दोघं मागवून घे. तुईचं पुरस्काराचं पत्र वरच्या कचेरीत जाऊ दे, ते काय करायचं ते ठरवतील."

"पा, तुम्ही कशाला?" मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"तुझी तू लिहिलीस. माझी मला लिहू दे."

तेवढ्यात मोटरसायकल आली. मागं औषधांची पेटी बांधलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. ओरपिन खाली न उतरताच हात जोडून म्हणाली, "उशीर होणार असेल तर मी वरच्या शेताकडे जाऊन येऊ का? एका आजोबांची जखम बांधायची राहिलीय."

"आज भेट नाही, बाळ. परत येतील, दुसरे येतील," पा म्हणाल्या. त्या मंडपाच्या काठाशी सरकल्या. "आता मी परीक्षक नाही, म्हणून विचारते. तुझ्याकडे सहा वर्षांची एखादी पोर आहे का, अनवाणी फिरणारी?"

"एक कशाला, तीन आहेत."

पांनी चपला तिच्या हातात दिल्या. ओरपिननं काही न विचारता त्या पेटीत टाकल्या आणि ती निघून गेली.

पा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नऊ वर्षं, तुई. त्या वेळच्या अनवाणी पोरी आता पंधरा वर्षांच्या झाल्या असतील."

मी उठलो आणि पायरीशी चपला शोधायला वाकलो. खाली तीनच जोड होते, तरी मला माझा सापडेना.