ताईंच्या सवयी कंपनीत राहिल्या

गेल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अमरावतीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं माझ्या शेजारच्या ताईंना कामावरून काढलं. या ताई आपल्या कोडच्या माथ्यावर हमखास लिहायच्या, "बापू, हे हलवू नको, मंग रडशीन." कंपनीनं त्यांना दिलेला एआय मदतनीस प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्यांच्या अशा सवयी लक्षात ठेवायचा.

काल मी ताईंकडे बसलो असताना त्यांच्या जागी आलेल्या अकोल्याच्या मुलीचा त्यांना फोन आला; त्यांनी तो स्पीकरवर घेतला. "ताई, हा मदतनीस मलेही बापू म्हणून राहिला. काहून?"

ताई हसल्या नाहीत. "मले काढलं, अन् माह्या सवयी ठेवून घेतल्या," एवढंच म्हणाल्या आणि तिची अडचण सोडवून दिली.

तुम्हीही कंपनीच्या मदतनिसाला आपल्या सवयी शिकवत असाल, तर नोकरी सुटताना त्या पुसल्या जातील, हे आजच लेखी मागा.