पंचनाम्यातला एक शब्द

दिवेआगरच्या आमच्या शेजाऱ्यांइतका संकटाला तुच्छ लेखणारा माणूस साऱ्या किनाऱ्यावर झाला नसेल. 'किरकोळ हाय' हे दोन शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखे कायम घोळत असत. एकदा पोफळीवरून पडून पाय मोडला. आम्ही धावलो, तर आडवे पडल्यापडल्या म्हणतात, "किरकोळ हाय, मास्तर. दुसरा हाय ना!" मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड तारीख चुकून एक दिवस आधीच दारात उतरलं. चुलीवर भाताचं आधणसुद्धा नव्हतं, आणि हे व्याह्यांना म्हणतात, "किरकोळ! उद्याची धावपळ वाचली." त्यांची बायको कपाळावर हात मारून म्हणायची, "उद्या समुद्र आटला तरी ह्ये म्हणतील, किरकोळ ओहोटी हाय." चहात आलं नसलं, की मात्र हा महापुरुष दिवसभर कुणाशी बोलत नसे.

पुढे आलेल्या चक्रीवादळात त्यांची सगळी पोफळीची वाडी झोपली. पंचनाम्याच्या वेळी त्यांनी स्वतःच 'नुकसान किरकोळ' असं सांगून सरकारी मदत घालवली, हा किस्सा गाव अजून हसत सांगतं. तो मीच पसरवला. लोक हसत, आणि माझी चूक झाकली जाई. किस्सा खोटा आहे.

गाव मोठं, तलाठी एकटा. अक्षर चांगलं म्हणून पंचनामे लिहायला मला घेतलं होतं. शेजाऱ्यांच्या वाडीच्या दगडी गडग्याबाहेरूनच मी विचारलं, "भाऊ, काय लिहू?" आडव्या पोफळींकडे पाहत ते उभे होते. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तो शब्द आला नाही. मी आत जाऊन झाडं पाहायला हवी होती. पण अजून बरीच घरं उरली होती. त्यांचा शब्द त्यांच्या वतीने मीच लिहिला, सही घेतली आणि पुढे गेलो. मदतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. सत्तरीतल्या माणसाने एकेक खड्डा खणून पुन्हा रोपं लावली.

गेल्या महिन्यात त्यांच्या ओटीवर बसून अखेर सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुम्ही लिवताना मी वाचत व्हतो."

"मग अडवलं का नाही?"

"तुमच्या घरावर एक कौल ऱ्हायलं नव्हतं, मास्तर, आन् तुम्ही दुसऱ्यांची घरं लिवत फिरत व्हता. म्हटलं, ह्यांना आनखी चार ओळी कशाला लिवायला लावू?"

किस्सा सांगायचाच असेल, तर गावाने यापुढे हा सांगावा.