शुक्रवारची खिडकी

दारातच छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं आणि मगच आत शिरायचं, असा ओतिलाचा शिरस्ता होता. आत पेटीत रंगात भिजवलेली कागदाची पट्टी असे. पंप रात्रभर डोंगरावरची हवा तिच्यावर सोडी, हवेतले डोळ्यांना न दिसणारे कण तिच्यावर बसत, आणि ते जितके आंबट तितकी ती पिवळी पट्टी लाल होत जाई. ओतिला पट्टी चिमट्याने उचलून उत्तरेच्या खिडकीशी नेई, स्वतः रंगवलेल्या बारा छटांच्या पुठ्ठ्याला लावून बघे आणि आकडा मनात धरून बाहेर येई. मग कुठे श्वास सोडी. माणसाच्या उच्छ्वासातही किंचित अमोनिया असतो, आणि तो आंबटपणा मारतो, असं तिला प्रागच्या एका प्राध्यापकाने सांगितलं होतं. तेव्हापासून बाईने नेम मोडला नाही.

"घरी अर्धं मिनिट गप्प बसत नाहीस, तिथे कसं गं जमतं?" नवरा व्हेंडेलीन विचारी. तो खाणीतून निवृत्त झाला होता, आणि बायकोला चिडवणं हेच आता त्याचं काम होतं.

चेक देशातल्या क्रुश्ने डोंगरावरच्या त्या छोट्याशा हवामान स्टेशनात ओतिला एकोणतीस वर्षं होती. कुणी म्हणे, सरकारी नोकरी, बरी आहे. खरी गोष्ट वेगळी होती. तिचे वडील वनरक्षक. त्यांनी हाताने लावलेला स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचा अख्खा उतार त्यांच्या डोळ्यांदेखत वाळला. दहा वर्षांत नुसते करडे खांब उरले. शेवटच्या आजारपणात म्हातारा पुन्हा पुन्हा एकच विचारायचा, "हवेत होतं तरी काय, ओतिल्का?" जानेवारीतल्या एका गुरुवारी तो गेला. दुसऱ्या दिवशी उणे सतराच्या थंडीत ओतिला वर चढून आली, कारण पट्टी कुणीतरी बघायलाच हवी होती. पट्टी बाराव्या छटेला गेली होती. तशी लाल तिने आधी कधी पाहिली नव्हती, पुढेही पाहिली नाही. आकडा वहीत लिहून ती पायरीवर बसली आणि पोटभर रडली. उत्तर मिळालं होतं, पण एक दिवस उशिरा.

अशा एकोणतीस वह्या झाल्या. डिसेंबरात ती निवृत्त व्हायची होती, आणि त्या वह्यांचं काय होणार हे ऑक्टोबरात आलेल्या संशोधक डॉक्टर राडोवान बेन्डाच्या हातात होतं. तिशीतला, सडपातळ, बोलायला मऊ. त्याने एक कॅमेरा आणला होता. तो पट्टीचा फोटो काढून आकडा सांगे. वह्यांतले आकडे त्याने संगणकात घातले आणि एका गुरुवारी डोकं खाजवत तो तिच्यासमोर बसला.

"ओतिलाबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते विचारल्यावर कळेल."

"तुमच्याकडे शुक्रवारी हवा चांगली असते. सोमवार ते गुरुवार आंबट, आणि शुक्रवारी हमखास दोन छटा कमी. कोळशाच्या धुराला वार कळत नाही हो."

ओतिलाची कानशिलं तापली. "म्हणजे मी घरी पळायच्या घाईत ठोकून देत होते?"

"मी तसं म्हटलं नाही. पण डोळ्याने वाचलेला रंग... डोळा दमतो, कंटाळतो. कारण सापडलं नाही तर मला सगळ्याच वह्या डोंगराच्या हवेवरच्या अहवालाबाहेर ठेवाव्या लागतील. मंगळवारी अहवाल जातोय."

सगळ्याच वह्या. म्हणजे वडिलांचं उत्तरही. ती त्या दिवशी त्याला कॉफीसुद्धा न विचारता घरी गेली, आणि ओतिलाच्या बाबतीत हे फारच झालं.

शनिवारी तिने स्वयंपाकघरात कोबी चिरायला घेतला आणि नवऱ्याला खिडक्या धुवायला लावलं. त्या गावात बाई कशी आहे हे तिच्या खिडकीच्या काचेवरून ठरतं. कोळशाच्या काजळीत काच आठवडाभर स्वच्छ राहत नाही, म्हणून तर जास्तच. व्हेंडेलीनने बादलीत व्हिनेगर ओतलं.

"बघ, घरात कसं साधं व्हिनेगर," तो कुरकुरला. "एकदा तुझ्या स्टेशनवर मदतीला आलो, तर ते तुझं बाटलीतलं काय ते, डोळ्यांतून धारा लागल्या माझ्या."

सुरी ओतिलाच्या हातातच राहिली.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिनेच विचार केला होता की व्हिनेगर आंबट, त्याने पट्टी बिघडेल, ते इथे नको. म्हणून तिने दुकानातून अमोनियाची बाटली आणली. श्वास रोखायचं प्राध्यापकाने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं, आणि तोवर ती बाटली झाडूसारखी सवयीची झाली होती. दर शुक्रवारी सातला ती उत्तरेची खिडकी लख्ख धुई, रंग नीट दिसावा म्हणून. नऊला पेटी उघडत असे. वास गेलेला असे, आणि वास गेला म्हणजे वस्तू गेली असं तिने धरलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्वतःच्या अर्ध्या मिनिटाच्या श्वासाला जपणारी बाई बादलीभर अमोनिया खोलीत फिरवत होती.

तिने सगळं सांगितल्यावर व्हेंडेलीन पहिल्यांदाच हसला नाही. बादली खाली ठेवून म्हणाला, "गाईंवर ढकल. खालच्या गोठ्यातलं शेणपाणी गुरुवारी शेतात सोडतात म्हणावं. त्यातही तेच असतं ना? कोण बघायला जातंय?"

"मी जातेय," ओतिला म्हणाली.

रविवारी ती लाल पेन्सिल घेऊन बसली आणि पहिल्या वहीपासून एकेक शुक्रवार खोडत गेली. चौदाशेच्या वर शुक्रवार. जानेवारीतल्या त्या शुक्रवाराशी हात थबकला. मग तोही तिने खोडला. आपल्याला हवा तो ठेवायचा आणि नको तो खोडायचा, हे तिच्याने झालं नाही.

सोमवारी राडोवान आला तेव्हा तिने दोन पेट्यांत एकाच हवेच्या दोन पट्ट्या तयार ठेवल्या होत्या. पहिली बघितली: सातवी छटा. मग तिने अमोनियाने खिडकी धुतली, दोन तास वाट पाहिली आणि दुसरी पेटी उघडली. पाचवी.

"माझी चूक," ती म्हणाली. "शुक्रवार फेका. बाकीचं ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

राडोवान बराच वेळ वह्या चाळत राहिला. एकदा संगणकाकडे बघे, एकदा वहीकडे. ओतिलाने यावेळी कॉफी केली, तीही गार झाली.

"बाई, कडाक्याच्या थंडीतही तुम्ही खिडकी धुवायचात?"

"वेड लागलंय का मला? उणे दहाच्या खाली पाणी काचेवरच गोठतं. तेव्हा नाही धुवायची."

"तरीच! त्या शुक्रवारांना घसरण नाहीच आहे. एकदाही नाही." त्याने मान वर केली. "खिडकी धुतली की पट्टीतला फरक तुमच्या डोळ्याला कळायचा, नाही धुतली की फरक नाही हेही कळायचं. एकोणतीस वर्षं! दमलेला डोळा असता तर हे उमटलं असतं का? वह्या जातील अहवालात. सगळ्या."

ओतिलाने गार झालेली कॉफी परत गरम करायला ठेवली.

राडोवानने खिशातून खोडरबर काढलं. "मात्र थंडीचे शुक्रवार तुम्ही उगाच खोडलेत. ते खरे आहेत." आणि तो एकेक लाल रेघ पुसू लागला. एका जुन्या वहीच्या चौथ्या-पाचव्या पानावर तो थांबला. "बाप रे, इथे तर बारावी छटा. उणे सतरा. हा सगळ्यात लाल दिवस आहे हो, आणि हाच घालवत होतात?"

"द्या इकडे," ओतिला म्हणाली. "तो मी पुसते."

तिने खोडरबर घेतलं, छाती भरून श्वास घेतला आणि वडिलांच्या त्या शुक्रवारावरची रेघ अलगद पुसून काढली.