पंचावन्न सेकंदांचा आवाज

वेतुरियाने लग्न केलं ते घर बघून. नवरा बरा होता, नाही असं नाही; पण घर बैठं होतं, डोक्यावर दुसऱ्या कुणाचा मजला नव्हता, हे पाहिल्यावरच तिने हो म्हटलं. बुखारेस्टमधल्या कोटांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं अस्तरं शिवली, तीही दाराजवळच्या मशीनवर. वरच्या मजल्यावर मुकादमीण व्हायचं चालून आलं होतं. बाईने सरळ नकार दिला.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सत्त्याहत्तर सालच्या मार्चातल्या भूकंपात, पंचावन्न सेकंदांत, तिची पाच मजली इमारत बसली. ती तेव्हा चौदा वर्षांची. शेजाऱ्यांकडे टीव्हीवर सिनेमा लागला होता, सगळे तिथं दाटीवाटीने बसले होते आणि ही काही कामाने दारात होती. चौकट तेवढी उभी राहिली. आतले आई, बाप आणि अकरा वर्षांची धाकटी बहीण लिया, तिघंही गेली.

त्यानंतर वेतुरिया सिनेमागृहाची पायरी चढली नाही. सिनेमे मात्र अधाशासारखे बघायची. होरियाने, तिच्या लेकाने, टॅब आणून दिल्यापासून तर रोज. दाराची कडी काढलेली, पायात बूट, चौकटीत स्टूल आणि मांडीवर टॅब. शेजारचा फ्लोर्या कुंपणावरून चिडवायचा.

"आगं वेता, शिनेमा बघतीयास का गाडीची वाट?"

"तू तुझ्या कोंबड्या बघ. कालच्याला एक माझ्या वांग्यात शिरली होती."

"तिलाबी बघायचा आसंल की शिनेमा!"

होरियाचं काम सिनेमांना आवाज बसवायचं. पावलं, दारं, पाऊस, सगळं तो निराळं गोळा करी. यंदाचा सिनेमा नेमका त्या भूकंपावर होता. जमीन कशी वाजली, असं तो लहानपणापासून आईला विचारत आलेला. तीही कधी थोडं सांगायची, कधी उठून जायची. तेवढ्यावर त्याने चार महिने खपून तो आवाज उभा केला होता. शुक्रवारी सिनेमा कायमचा बांधून पाठवायचा होता. नंतर काही बदलता येणार नव्हतं.

"टॅबवर पाठव, ऐकते," वेतुरिया म्हणाली.

"आई, टॅबच्या नखाएवढ्या कर्ण्यातून तो येतच नाही. तो कानात नाही, पोटात ऐकू येतो. त्याला थेटरच लागतं."

"मग दुसऱ्या कुणाला विचार."

"ज्याने ऐकलाय असं माझं दुसरं कोण आहे?"

वेतुरियाने टॅब बंद केला आणि वेळ विचारली.

गुरुवारी दुपारी ती गेली. थेटर एका सात मजली इमारतीच्या तळाशी होतं. पडायला झालेल्या इमारतींवर नगरपालिका लाल गोल लावते. तो शोधत तिने इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. गोल नव्हता. त्यामुळे उलट तिचा धीर गेला, कारण आता परत फिरायला निमित्त उरलं नव्हतं.

"सातही मजले आपल्या डोक्यावर?"

"आई, ही नंतर बांधलेली आहे. पक्की आहे."

"आमचीपण पक्कीच होती रे."

आत फक्त ती, होरिया आणि वर यंत्राच्या खोलीत सांदा नावाची मुलगी. वेतुरिया दारालगतच्या खुर्चीत टेकली. कोट काढला नाही.

"दार उघडं राहू दे."

"आवाज बाहेर जातो गं."

"मग मीपण जाते."

दार उघडं राहिलं. होरिया मागे आपल्या यंत्रापाशी गेला. अंधार झाला. पडद्यावर एक स्वयंपाकघर, टेबल, माणसं. मग खुर्चीच्या लाकडातून काहीतरी वर चढायला लागलं आणि वेतुरियाने दोन्ही कान गच्च दाबले, डोळे मिटले. तरी ते बुटांच्या तळव्यातून आत शिरलंच. तिने मनातल्या मनात अस्तराचे टाके घातले, एकामागून एक, दिवे लागेपर्यंत.

"कसं झालंय?" होरिया धावत आला.

"छान. अगदी तसंच."

"खरंच?"

"खरंच रे."

तो तिथंच पायरीवर बसला. चाळीस वर्षांचा बाप्या, पण बाहीने डोळे पुसायला लागला. वेतुरिया दारापर्यंत पोचली होती. बाहेर ऊन होतं, ट्राम जात होती. दोन पावलं टाकली की सुटका. आणि उद्या तिच्या शब्दावर तो सिनेमा गावोगाव जाणार.

ती परत येऊन बसली.

"मी कान झाकले होते. पुन्हा लाव."

"राहू दे आई. पांढरीफटक पडलीयस."

"लाव म्हणते ना! आणि ते दार लोटून घे. आवाज बाहेर जातोय."

या वेळी तिने हात मांडीखाली दाबून धरले. तळघरात भरलेला ट्रक मागं यावा तसं ते आलं, खालून, पोटातून. मग भांडी. मग भिंतींचं कण्हणं. हा सिनेमा आहे हे तिला कळत होतं आणि कळत नव्हतं; छताच्या दिव्यावरून तिची नजर हटेना. दिवा हलत नव्हता. पडद्यावरच्या बाया किंचाळल्या, तशी ती ओरडली, "थांबव!"

दिवे लागले.

"काय चुकलं?"

"आवाज बरोबर आहे. माणसं चुकलीत." ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "लगेच कुणी ओरडलं नाही. माझ्या हातात पाण्याचा जग होता, तो हिंदकळला. दाराशी बसलेल्या लियाला वाटलं, मी ठेचकाळले. ती हसली."

होरियाने हे कधी ऐकलं नव्हतं.

"मला राग आला. म्हटलं, हसतेस काय, आतून फडकं आण."

"मग?"

"उठली. आत गेली."

वरून सांदाने विचारलं, पुन्हा लावू का. वेतुरियाने मांडीखालचे हात बाहेर काढले.

"आधी हसणं घाल," ती म्हणाली. "पोरीचं. ओरडणं मग."